छोट्या होम सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवताना

एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला की ८.७६ युनिट वीज होते. कार्ड कोणतं घ्यावं, किती मेमरीचं घ्यावं, या सगळ्याच्या आधी हा आकडा डोक्यात पक्का बसू द्या.

समजा, एखादं कार्ड काम करताना ४० वॅट घेतं आणि दिवसातून दोनच तास काम करतं. उरलेले बावीस तास ते नुसतं बसून १५ वॅट खातं. कामाचे वर्षाला साधारण २९ युनिट झाले आणि बसून राहण्याचे १२०. म्हणजे कामापेक्षा चौपट वीज झोपेत गेली. मुळात तुमचा सर्व्हर १२ वॅटवर चालणारा असेल, तर कार्ड आल्यावर तो रिकाम्या वेळीसुद्धा दुपटीहून जास्त खाऊ लागला. गेमिंगच्या पीसीत हा प्रश्न येत नाही, कारण तो रात्री बंद होतो. सर्व्हर बंद होत नाही. म्हणून या लेखात कार्डाच्या वेगाबद्दल कमी आणि त्याच्या झोपेबद्दल जास्त बोलणार आहे.

खरंच लागतंय का?

बहुतेकांना कार्ड हवं असतं ते व्हिडिओ ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ उलगडून (डीकोड) बघणाऱ्याच्या उपकरणाला चालेल अशा रूपात पुन्हा बांधण्यासाठी (एन्कोड). तेवढंच काम असेल आणि सर्व्हरमध्ये गेल्या काही वर्षांतला इंटेलचा प्रोसेसर असेल, तर थांबा. इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) सहज उलगडतं आणि पुन्हा बांधतंही. अकराव्या पिढीपासून एव्ही१ (त्याहून नवी पद्धत) उलगडण्याची सोय आली. एन१०० सारखा ६ वॅटचा चिमुकला प्रोसेसरसुद्धा घरातल्या दोन-चार जणांचं ट्रान्सकोडिंग निभावून नेतो. जेलीफिनच्या (घरचे व्हिडिओ दाखवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) सेटिंगमध्ये क्विकसिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधलं व्हिडिओचं इंजिन) निवडायचं राहून गेलंय आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतोय, एवढंच अनेकदा निघतं. आधी ते तपासा. काम तिथेच भागलं तर पुढचा लेख वाचायचीही गरज नाही.

कार्ड खरोखर लागतं ते पुढच्या कामांना. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही (इंटेलचे नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर, जुने झिऑन, बरेचसे जुने रायझेन). व्हिडिओ एव्ही१ मध्ये बांधायचे आहेत. चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल घरीच चालवायचंय. किंवा फोटोंमधले चेहरे ओळखणं, कॅमेऱ्यांच्या चित्रातून माणूस-गाडी वेगळी काढणं असली कामं एवढी वाढलीत की प्रोसेसर कायम धापा टाकतोय.

भाषेच्या मॉडेलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. दिवसातून चार-पाच वेळाच विचारायचं असेल, तर सर्व्हरमध्ये मोठं कार्ड कोंबू नका. घरात एखादा जुना डेस्कटॉप पडून असेल तर कार्ड त्यात घाला, वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन उठवण्याची सोय) चालू करा आणि लागेल तेव्हा सर्व्हरकडूनच त्याला उठवा. उठायला अर्धा मिनिट लागेल, पण बाकीचा सगळा वेळ ते कार्ड जवळपास काहीच खाणार नाही.

आधी मोजा

वॅटमीटर नसेल तर आणा. प्लगमध्ये लावायचा साधा चालतो. सर्व्हर सुरू करा, सगळ्या सेवा वर आल्यावर अर्धा तास त्याला एकटा सोडा आणि आकडा लिहून ठेवा. मग नेहमीच्या कामाचा भार देऊन दुसरा आकडा.

त्यासोबत आणखी एक गोष्ट बघा, जी बहुतेक जण विसरतात. ‘पॉवरटॉप’ नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्सवर मिळतो. त्यात प्रोसेसरच्या पॅकेज सी-स्टेटचा तक्ता असतो. प्रोसेसर रिकामा असताना किती खोल झोपतो, हे तिथे टक्क्यांत दिसतं. आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ. आज तुमचा प्रोसेसर सी८ पर्यंत जात असेल तर तेही लिहा. कार्ड बसवल्यावर हाच आकडा बहुधा खाली येतो, आणि वीज कुठे गेली हे कळायला तुलनेला काहीतरी हाताशी लागतं.

स्लॉट, लेन आणि वीज

आता झाकण उघडा. पहिलं बघायचं ते कार्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटची लांबी आणि त्यामागे खरोखर जोडलेल्या लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटा. या दोन्ही गोष्टी वेगळ्या. छोट्या बोर्डांवर सोळा लेनच्या लांबीचा स्लॉट असतो, पण तांब्याच्या पट्ट्या फक्त चार लेनच्याच असतात. एन१०० ला तर सगळ्या मिळून ९ लेन, तिसऱ्या पिढीच्या. त्यातूनच एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), नेटवर्क आणि सगळं. बोर्डाच्या पुस्तिकेत ‘हा स्लॉट वापरला तर अमुक एम.२ किंवा साटा पोर्ट बंद होईल’ (दोन्ही डिस्क जोडायच्या जागा) अशी बारीक अक्षरातली ओळ असते, ती शोधून वाचाच. नाहीतर कार्ड दिसू लागतं आणि एक डिस्क गायब होते.

लेन कमी असल्या म्हणून लगेच निराश होऊ नका. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट वाहून नेते. ८० मेगाबिटचा ४के व्हिडिओ म्हणजे सेकंदाला फक्त १० मेगाबाइट. कार्डातच उलगडून कार्डातच बांधला तर एक लेनही पुरून उरते. पण व्हिडिओ कार्डाने उलगडला आणि पुढचं काम प्रोसेसरने केलं, तर उलगडलेल्या फ्रेम परत याव्या लागतात. ४के ची ८ बिटची एक फ्रेम सुमारे १२ मेगाबाइटची, सेकंदाला २४ म्हणजे जवळपास ३०० मेगाबाइट, तेही एकाच प्रेक्षकासाठी. म्हणून सगळी साखळी कार्डातच राहील असं सेटिंग करायचं. भाषेच्या मॉडेलचं गणित आणखी सोपं: ५ गिगाबाइटचं मॉडेल एका लेनवरून चढायला निदान पाच-सहा सेकंद लागतील, पण एकदा कार्डाच्या मेमरीत बसलं की लेनवरची वर्दळ नगण्य.

दुसरी गोष्ट वीज. पूर्ण सोळा लेनच्या आकाराचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. हे झालं नियमातलं. ब्रँडेड छोट्या डब्यांमध्ये कंपनीने त्याहून कमी मर्यादा घातलेली असू शकते, तेव्हा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे लिहिलेला वॅटचा आकडाच प्रमाण माना. लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारं मशीन असेल तर बेरीज करा: ९० वॅटचा अडॅप्टर, प्रोसेसर भरात असताना ६५ घेणार, कार्ड ५०. ही बेरीज अडॅप्टरच्या बाहेर गेली. आणि ती चूक पहिल्या दिवशी कळत नाही. महिन्याभराने रात्री बॅकअप आणि ट्रान्सकोडिंग एकदम चालू झालं की मशीन फटकन बंद पडतं, आणि लॉगमध्ये कारणाचा मागमूस नसतो.

पॉवर सप्लायला ६ पिनी वायर नाही म्हणून साटाच्या वायरीवरून ६ पिनी करणारं जोडपत्र मिळतं. ते वापरू नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. ६ पिनीवर कार्ड ७५ मागू शकतं. प्लास्टिक वितळल्याचे फोटो बघायचे नसतील तर मुळात जादा वायर न मागणारंच कार्ड निवडा.

उलट बाजूचीही चूक होते. ‘असू दे हाताशी’ म्हणून ७५० वॅटचा पॉवर सप्लाय लावणारे भेटतात. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्याची नेहमीची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. तुमचा सर्व्हर २५ वॅट घेत असेल तर तो तीन टक्क्यांवर चालतोय, जिथे त्या सोनेरी-चंदेरी शिक्क्याला काही अर्थ उरत नाही.

स्लॉटच नसेल तर? एम.२ च्या खाचेतून कार्ड जोडणारे रायझर मिळतात. त्यात चार लेन मिळतात, पण एम.२ फक्त ३.३ व्होल्ट देतं, त्यामुळे कार्डासाठी १२ व्होल्ट वेगळे आणावे लागतात. ऑक्युलिंक (खास कनेक्टर आणि वायर) हे त्याचंच नीटनेटकं रूप. वेगळा पॉवर सप्लाय लावलात तर तो मुख्य मशीनच्या आधी सुरू झाला पाहिजे, नाहीतर बूट होताना कार्ड सापडणार नाही. चालतं सगळं; पण चोवीस तास चालणाऱ्या, कपाटात ठेवलेल्या डब्याला बाहेर लोंबणारं कार्ड मला स्वतःला पटत नाही. मांजराची शेपटीही पुरेशी होते.

आणि उंची. पातळ केबिनेटमध्ये फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं. कार्डासोबत बुटका ब्रॅकेट आहे का, आणि कार्ड एका खाचेचं की दोन, हे घेण्याआधीच विचारा. टेप घेऊन आतली लांबी मोजा. समोरच्या हार्ड डिस्कच्या वायरी वळायला जागा लागते, तीही धरा.

कोणतं कार्ड

फक्त व्हिडिओ असेल तर मी डोळे झाकून इंटेलच्या आर्क ए३१० किंवा ए३८० कडे बघतो. अनुक्रमे ४ आणि ६ गिगाबाइट मेमरी, लो-प्रोफाइल रूपात मिळतात, आणि एव्ही१ बांधण्याची सोय आत आहे. ए३८० च्या काही मॉडेलना मात्र जादा ८ पिनी वायर लागते, ती टाळा. या कार्डांचा एकच दुर्गुण, झोपेचा. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

एनव्हिडियाचं टी४०० हे ३० वॅटचं एका खाचेचं कार्ड सरळमार्गी आहे. टी१००० ५० वॅटचं, ८ गिगाबाइटमध्येही येतं. जरा मोठं काम असेल तर आरटीएक्स ए२०००: ७० वॅट, ६ किंवा १२ गिगाबाइट, जादा वायर नको, पण दोन खाचा लागतात. चार बिटांत दाबलेलं ७-८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल साधारण ५ गिगाबाइटमध्ये बसतं, वर संभाषणासाठी थोडी जागा. त्या हिशेबाने ८ गिगाबाइट ही कामचलाऊ आणि १२ ही सुखाची पातळी.

डेटा सेंटरमधून निघालेली टेस्ला पी४ आणि टी४ मोहात पाडतात. पी४ मध्ये ८ गिगाबाइट, टी४ मध्ये १६. पण त्यांना फॅनच नसतो. रॅकमधल्या वादळी वाऱ्यासाठी बनवलेली ती कार्डं. घरच्या डब्यात त्यांना छपाई करून घेतलेला डक्ट आणि आवाज करणारा पंखा जोडावा लागतो. शिवाय पी४ पास्कल पिढीचं आहे, आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्या पिढीसाठी शेवटची.

एएमडीचं आरएक्स ६४०० छोटं, ५३ वॅटचं, देखणं आहे. सर्व्हरसाठी घेऊ नका. त्यात व्हिडिओ बांधणारा भागच नाही.

बसवायच्या आदल्या रात्री

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा कार्ड बसवलं, झाकण लावलं, सर्व्हर कपाटात सरकवला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण नेटवर्कवर सर्व्हरचा पत्ताच नाही. कार्डामुळे बूट होत नसेल म्हणून कार्ड काढलं, की सगळं सुरळीत. परत घातलं, परत गायब. तासभर कार्डाला शिव्या घातल्या. शेवटी मॉनिटर जोडून पाहिलं तर सर्व्हर शांतपणे लॉगिनची वाट बघत बसला होता. दोष कार्डाचा नव्हता. लिनक्स नेटवर्क पोर्टला त्याच्या पीसीआय जागेवरून नाव देतं. नवं कार्ड मध्ये आल्यावर क्रमांक सरकले, ‘ईएनपी२एस०’ चं ‘ईएनपी३एस०’ झालं, आणि माझ्या सेटिंगमध्ये जुनंच नाव होतं.

तेव्हा आदल्या रात्री हे करून ठेवा. सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा भाग) नेटवर्क फोल्डरमध्ये एक ‘लिंक’ फाइल बनवून पोर्टचा मॅक पत्ता (त्याचा हार्डवेअर क्रमांक) एका ठरावीक नावाशी बांधा, ‘लॅन०’ म्हणा हवं तर. नेटवर्कच्या आणि ब्रिजच्या सेटिंगमध्ये तेच नाव लिहा. मग इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम) नव्याने बनवा, कारण नाव द्यायचं काम कधी कधी बूटच्या अगदी सुरुवातीलाच उरकतं. एकदा रीस्टार्ट करून नाव टिकतंय ना हे कार्ड नसतानाच पाहा.

डिस्कचंही तसंच. एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असली नावं असतील तर ती काढून यूयूआयडी (न सरकणारा ओळख क्रमांक) घाला. बाकी बॅकअप, तो घ्यायचाच. बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बायोस जुनं असेल तर आत्ताच अद्ययावत करा. कार्ड बसल्यावर नाही.

बसवणं

हा भाग दहा मिनिटांचा. सर्व्हर नीट बंद करा, मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. मागची पट्टी काढा, कार्डाचा ब्रॅकेट बदलायचा असेल तर तो आधीच बदला. स्लॉटच्या टोकाची खिट्टी उघडी ठेवा, कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली बसवा. खिट्टीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. मग स्क्रू. स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक वर उचललं जात नाही ना, तेवढं बघा. छोट्या केबिनेटमध्ये ब्रॅकेट एखाद मिलिमीटरने वाकडा असतो आणि स्क्रू घट्ट केला की कार्ड स्लॉटमधून तिरकं उचकटतं.

पहिल्या वेळी झाकण लावू नका, कपाटात सरकवू नका. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा, आणि मॉनिटरची वायर कार्डाला जोडा. कार्ड आल्यावर बरेच बोर्ड स्वतःच्या पोर्टवर काहीच दाखवत नाहीत. काळा पडदा बघून घाबरू नका. पहिल्या बूटला मेमरीची जुळवाजुळव करण्यात मिनिट-दोन मिनिटं जाऊ शकतात.

बायोसमध्ये काय काय

चार ठिकाणी हात घालायचा आहे. अंगचं ग्राफिक्स आणि कार्ड दोन्ही वापरायचे असतील तर ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तत्सम पर्याय चालू करा, नाहीतर कार्ड दिसताच बोर्ड अंगचं ग्राफिक्स बंद करतो. ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारे पर्याय) चालू करा. आर्क कार्डांना ते मानवतं. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं, आणि इथे जुन्या सर्व्हरवाल्यांनी जपून राहावं. सिस्टम जुन्या पद्धतीने बूट होणारी बसवली असेल तर सीएसएम बंद करताच ती बूट होणं थांबवेल. लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते आधी पाहा. असेल तर निर्धास्त. तिसरं, व्हर्च्युअल मशीनला कार्ड द्यायचं असेल तर व्हीटी-डी किंवा एएमडीच्या बोर्डावर आयओएमएमयू. चौथं एएसपीएम (रिकामी लिंक झोपवण्याची सोय), आणि त्याला वेगळा परिच्छेद लागतो.

ड्रायव्हर

आर्कसाठी लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ किंवा त्यापुढचं हवं. तिथून ही कार्डं वेगळी खटपट न करता ओळखली जातात. डेबियनवर बाराव्या आवृत्तीपासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे, तो चालू असल्याची खात्री करा. मग इंटेलचा मीडिया ड्रायव्हर टाका आणि ‘व्हीएइन्फो’ चालवा. कोणकोणते कोडेक (एचईव्हीसी, एव्ही१ अशा पद्धती) उलगडता-बांधता येतात याची यादी आली की काम झालं.

एनव्हिडियात कर्नलचे हेडर आधी, मग ड्रायव्हर. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी बायोसची सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर स्वतःची सही करून ती किल्ली नोंदवावी लागते. ते विसरलं की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चढत नाही.

दोन्हीकडे ‘एलएसपीसीआय’ ही जोडलेल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा सविस्तर रूपात चालवून कार्डापुढची ‘लिंक स्टेटस’ ओळ वाचा (आर्कमध्ये कार्डावरच्या पीसीआय ब्रिजपुढची, कारण चिपपुढे एकच लेन दिसते). तिथे प्रत्यक्ष वेग आणि लेनची संख्या असते. आठ लेनचं कार्ड चार लेनवर दिसलं आणि तुमचा स्लॉटच चारचा असेल तर ठीक. आठाच्या स्लॉटवर एक दिसलं तर कार्ड नीट बसलेलं नाही. काढून परत बसवा. वेग कमी दिसला तर आधी कार्डाला काम देऊन पुन्हा वाचा, कारण रिकामं असताना बरीच कार्डं मुद्दाम हळू होतात. रायझर वापरला असेल तर ‘डीमेसेज’ (कर्नलचा लॉग) मध्ये पीसीआयच्या दुरुस्त झालेल्या चुकांच्या ओळींचा पाऊस पडतोय का बघा. पडत असेल तर बायोसमध्ये स्लॉट एक पिढी खाली आणा. लॉगने डिस्क भरण्यापेक्षा ते बरं.

झोपवणं

आता वॅटमीटर परत लावा. अर्धा तास रिकामं ठेवा. जुन्या आकड्यापेक्षा किती वाढलं? तीन-पाच वॅट वाढलं असेल तर तुम्ही नशीबवान, पुढचा भाग ओलांडून जा. पंधरा-वीस वाढलं असेल तर कामाला लागा.

दोन चोर असतात. पहिला कार्ड स्वतः. दुसरा जास्त लबाड: कार्डाची लिंक जागी असल्यामुळे प्रोसेसर खोल झोपेत जाऊ शकत नाही. पॉवरटॉपमध्ये काल सी८ दिसत होतं आणि आज गाडी सी२-सी३ वर अडकलीय, तर वाढलेल्या वॅटमधला मोठा वाटा कार्डाचा नसून प्रोसेसरचा आहे. म्हणून कार्डाच्या डब्यावरचा किंवा कुणाच्या चाचणीतला ‘रिकामा’ आकडा तुमच्याकडे जसाच्या तसा उतरत नाही.

दोन्हींवर औषध एकच, एएसपीएम. पीसीआयची लिंक रिकामी असताना ती झोपवण्याची ही सोय. आर्कसाठी इंटेलनेच सांगितलेला मार्ग असा: बायोसमध्ये ‘नेटिव्ह एएसपीएम’ चालू, आणि रूट पोर्टच्या एएसपीएममध्ये ‘एल१ सबस्टेट्स’ चालू. छोट्या बोर्डांच्या बायोसमध्ये हे पर्याय ‘अॅडव्हान्स्ड’, ‘चिपसेट’, ‘प्लॅटफॉर्म मिसलेनियस’ अशा कुठल्याही कोपऱ्यात दडलेले असतात आणि काहींमध्ये अजिबात नसतात. नसले तर आर्क तुमच्यासाठी नाही, हे घेण्याआधीच कळलेलं बरं. म्हणून बायोसचे फोटो काढायला सांगितलं होतं.

बायोस झाल्यावर लिनक्सकडे. कर्नलच्या एएसपीएम धोरणात ‘डीफॉल्ट’, ‘परफॉर्मन्स’, ‘पॉवरसेव्ह’ आणि ‘पॉवरसुपरसेव्ह’ असे पर्याय असतात. शेवटचा निवडा, तो सबस्टेटपर्यंत जातो. चालू सिस्टमवरच तात्पुरता बदलून बघता येतो. दोन दिवस सुरळीत गेले की मग कर्नलच्या ओळीत कायमचा लिहा. ‘फोर्स’ नावाचा एक पर्याय वाचनात येईल. तो बायोसचा नकार डावलून झोप लादतो. एखादं नेटवर्क किंवा डिस्कचं कार्ड त्याने गोठून बसू शकतं, आणि डेटा असलेल्या मशीनवर मी तो जुगार खेळत नाही.

बदल झाला का हे ‘एलएसपीसीआय’ मध्येच दिसतं: कार्डापुढे ‘एएसपीएम एल१ एनेबल्ड’ असं आलं पाहिजे. आर्कच्या बाबतीत फक्त शेवटच्या चिपपुढे बघून भागत नाही, कारण त्या कार्डावर स्वतःचा पीसीआय ब्रिज असतो. प्रोसेसरच्या पोर्टपासून कार्डापर्यंतची प्रत्येक पायरी तपासा. मधली एक जागी राहिली की सगळी रात्र जागरण.

एनव्हिडियाचा स्वभाव निराळा. मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर शेवटचा प्रोग्राम बंद झाला की ड्रायव्हर कार्डावरचा हात काढून घेतो, आणि मग अनेकदा कार्ड झोपण्याऐवजी अर्धवट जागं राहतं. ‘एनव्हिडिया-पर्सिस्टन्स्डी’ ही सेवा चालू ठेवा, म्हणजे ड्रायव्हर हजर राहून कार्डाला पी८ या खालच्या पायरीवर उतरवतो. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या कार्डाची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेत पी० किंवा पी२ (वरच्या, जाग्या पायऱ्या) दिसत राहिलं तर कुणीतरी कार्ड धरून बसलंय. बहुधा तो मॉडेल चालवणारा प्रोग्राम असतो. ओलामा हा असाच प्रोग्राम शेवटच्या प्रश्नानंतर पाच मिनिटं मॉडेल मेमरीत ठेवतो, ते चालेल. पण कुणी ती मुदत ‘कायम’ करून ठेवली असेल तर कार्डाची झोप तिथेच मोडली.

कंटेनर की व्हर्च्युअल मशीन

कंटेनर मुख्य सिस्टमचाच कर्नल वाटून घेतो, व्हर्च्युअल मशीन मात्र आत वेगळा संगणकच चालवतं. छोट्या सर्व्हरवर मी कंटेनरच्याच बाजूचा. अख्खं कार्ड व्हर्च्युअल मशीनला दिलं की ते इतर कुणाला वापरता येत नाही, त्या मशीनची सगळी रॅम एकदम अडकून बसते (१६ गिगाबाइटच्या डब्यात हे टोचतं), आणि ते मशीन बंद असताना कार्डाला सांभाळणारा ड्रायव्हर नसल्यामुळे झोपेचा भरवसा राहत नाही. मशीनलाच द्यायचं असेल तर कार्डाचा आवाजाचा भागही सोबत द्या आणि दोन्ही ज्या आयओएमएमयू गटात (एकत्रच देता येणाऱ्या उपकरणांचा गट) आहेत त्या गटात डिस्कचा कंट्रोलर नाही ना, हे तपासा.

कंटेनरमध्ये द्यायची असते ती ‘रेंडर-डी१२८’ ही कार्डाकडे नेणारी फाइल. अंगचं ग्राफिक्सही चालू असेल तर १२८ आणि १२९ अशा दोन असतात, आणि कोणती कुणाची हे बूटगणिक बदलू शकतं. त्यामुळे आज मस्त चाललेलं ट्रान्सकोडिंग उद्या चुकीच्या चिपवर जातं. ‘बाय-पाथ’ फोल्डरमधला पीसीआय पत्त्याचा मार्ग वापरा. परवानगी नाकारल्याची तक्रार आली तर ‘रेंडर’ गटाचा क्रमांक बाहेर आणि आत वेगवेगळा आहे. दहातल्या नऊ वेळा तेच. एनव्हिडियात एलएक्ससी कंटेनर असेल तर बाहेरच्या आणि आतल्या ड्रायव्हरची आवृत्ती तंतोतंत एक हवी, म्हणजे बाहेर अपडेट केलं की आतही करायचं. डॉकरला एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट ही डोकेदुखी वाचवतं.

भार देऊन पाहणं

झाकण लावा, सर्व्हर त्याच्या खऱ्या जागी ठेवा आणि मग तासभर ट्रान्सकोडिंग चालवा. ‘इंटेल-जीपीयू-टॉप’ किंवा ‘एनव्हिडिया-एसएमआय’ मध्ये व्हिडिओचं इंजिन खरंच हलतंय ना बघा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर कार्ड नुसतं शोभेला आहे. कार्डाच्या तापमानासोबत शेजारच्या हार्ड डिस्कचं आणि एनव्हीएमईचंही तापमान बघा. कार्ड ८० अंश सहज सोसतं, फिरत्या डिस्कला तो ताप सोसत नाही, आणि छोट्या डब्यात कार्डाचा गरम वारा थेट तिच्याच अंगावर जातो. डिस्क पन्नाशीच्या पुढे गेली तर एक संथ पंखा बाहेरच्या दिशेने लावा. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांवर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ मधूनच वॅटची कमाल मर्यादा खाली आणता येते. वेग थोडा उतरतो, उष्णता त्याहून जास्त उतरते. रीस्टार्टनंतर ती मर्यादा पुसली जाते, म्हणून एक छोटी सिस्टमडी सेवा लिहून बूटच्या वेळी पुन्हा लावायची.

शेवटी एका कागदावर तीन आकडे (रिकाम्या वेळचे वॅट, भारातले वॅट आणि सी-स्टेट) आणि बायोसमध्ये बदललेले पर्याय लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काही वर्षांनी संपते, सगळी सेटिंग मूळपदावर जातात, आणि सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो. फक्त पंधरा वॅट जास्त खात, कुणालाही काही न सांगता.